टॉवेलचा एक लॉट आणि ‘अ लॉट ऑफ टॉवेल्स’: सोलापुरातल्या एका निर्यातपत्राचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंग्रजीत समूहवाचक शब्दापुढे क्रियापद एकवचनी लावायचं की अनेकवचनी, हा प्रश्न परीक्षेत एका मार्काचा असतो. या प्रकरणात त्याच प्रश्नावर एका कारखान्याची पूर्ण ऑर्डर अडकली. कारखाना, पार्टी आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. पत्रातली वाक्यं मात्र होती तशीच ठेवली आहेत, कारण सगळा प्रश्न त्या वाक्यांचाच आहे.

कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीतला, टेरी टॉवेलचा. विणकाम, डाइंग, शिवण, चेकिंग, पॅकिंग सगळं एकाच आवारात. मालक घरी तेलुगू बोलतात आणि कारखान्यात मराठी नाहीतर कन्नड. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. परदेशी पार्ट्यांशी पत्रव्यवहार बघायला ऑफिसात एकच मुलगी आहे. मराठी माध्यमातून शिकलेली, बी.कॉम. झालेली, कामात चोख. वयाने लहान असली तरी मास्तरांपासून हमालापर्यंत सगळे तिला ताईच म्हणतात. मी सोलापुरात नोकरदारांना कामापुरतं इंग्रजी शिकवते. ताई माझ्याकडे येत असे, म्हणून हे प्रकरण माझ्यापर्यंत पोचलं.

ऑर्डर ब्रिटनमधल्या हॉटेलांना माल पुरवणाऱ्या एका पार्टीची होती. हलक्या राखाडी रंगाचे 3,600 बाथ टॉवेल, 70 बाय 140 सेंटिमीटर, 500 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 500 ग्रॅम. त्या हिशोबाने एक टॉवेल साधारण 490 ग्रॅमचा. मशिनमध्ये एका वेळी जेवढा माल रंगतो तो एक डाय लॉट. या ऑर्डरचे असे सहा लॉट झाले, प्रत्येकी 600 नगांचे. रंगाची कृती तीच, रसायनं तीच, तरी दोन लॉटमध्ये शेडचा थोडा फरक पडू शकतो. त्यामुळे या धंद्यात मालाची ओळख लॉट नंबरानेच होते.

अडचण कशी उभी राहिली

शुक्रवारी दुपारी चेकिंगच्या मास्तरांनी चौथ्या लॉटचा टॉवेल मंजूर नमुन्याशेजारी लाइट बॉक्समध्ये धरला. साध्या ट्यूबच्या उजेडात दोन्ही सारखे दिसत होते. दिवसाच्या उजेडासारखा डी-65 दिवा लावला तेव्हा चौथ्या लॉटच्या राखाडीत किंचित हिरवट झाक उतरली. बाकीचे पाच लॉट दोन्ही दिव्यांखाली नमुन्याशी जुळत होते. मास्तर ऑफिसात आले आणि म्हणाले, “ताई, टॉवेलचा एक लॉट शेडमध्ये बाद झालाय. पार्टीला कळवून टाका.”

ताईने संध्याकाळी मेल लिहिला: ‘वुई रिग्रेट टू इन्फॉर्म दॅट अ लॉट ऑफ टॉवेल्स आर ऑफ-शेड. वुई विल सेट देम असाइड.’

तिने पहिल्यांदा ‘आर’ लिहिलं नव्हतं. ‘अ लॉट ऑफ टॉवेल्स इज’ असं टाइप केलं होतं. तिच्या मनात एक लॉट होता, म्हणून क्रियापदही एकवचनीच आलं. कंप्युटरने ‘इज’खाली रेघ मारली आणि ‘आर’ सुचवलं. शाळेतला नियमही तिला आठवला: ‘अ लॉट ऑफ’पुढे अनेकवचनी नाम आलं की क्रियापद अनेकवचनी. तिने ‘आर’ केलं, रेघ गेली, मेल गेला.

आता वाक्य व्याकरणाने निर्दोष होतं आणि त्याचा अर्थ होता: पुष्कळ टॉवेल शेडमध्ये बाद झाले आहेत.

रात्रीच उत्तर आलं. पॅकिंग थांबवा. पूर्ण ऑर्डरची तिसऱ्या संस्थेकडून तपासणी होईल, खर्च कारखान्याचा. अहवाल येईपर्यंत एकही खोकं हलवू नका. खाली एक वाक्य होतं: ‘अवर क्वालिटी टीम हॅव सीरियस कन्सर्न्स.’ शनिवारी सकाळी अण्णांचा मला फोन आला, “मॅडम, आमचे सहाशे नग खराब आहेत. हे लोक छत्तीसशे खराब आहेत असं का समजून बसलेत?”

व्याकरण नेमकं काय सांगतं

‘अमुक ऑफ तमुक’ या इंग्रजी रचनेत दोन नामं असतात आणि क्रियापद त्यातल्या एकाशी जुळतं. कोणत्या, हे ठरवण्यासाठी शाळेत सांगतात की ‘ऑफ’च्या आधीचं नाम हा कर्ता. ‘द क्वालिटी ऑफ द टॉवेल्स इज गुड’ या वाक्यात नियम बरोबर चालतो, कारण चांगली आहे ती क्वालिटी. शेजारी ‘टॉवेल्स’ दिसलं म्हणून इथे ‘आर’ लिहिलं तर ती खरोखरची चूक. आपल्याकडच्या व्यापारी पत्रांत ती सर्रास दिसते.

पण ‘अ लॉट ऑफ’, ‘अ नंबर ऑफ’ अशा शब्दसमूहांत ‘ऑफ’च्या आधीचं नाम मोजमाप सांगण्यापुरतं उरलेलं असतं आणि कर्तेपण ‘ऑफ’नंतरच्या नामाकडे जातं. ‘अ नंबर ऑफ कार्टन्स आर डॅमेज्ड’ म्हणजे बरीच खोकी खराब झाली. ‘द नंबर ऑफ कार्टन्स इज 150’ म्हणजे खोक्यांची संख्या 150 आहे. ‘अ’च्या जागी ‘द’ आला, तेवढ्याने कर्ता बदलला आणि क्रियापदही.

मराठी बोलणाऱ्याला हा फरक नवा नाही, आणि शिकवताना आपण याचा उपयोग करत नाही याची मला हळहळ वाटते. ‘पोतंभर ज्वारी सांडली’ आणि ‘ज्वारीचं पोतं फाटलं’ ही दोन वाक्यं घ्या. पहिल्यात सांडली ती ज्वारी, म्हणून क्रियापद स्त्रीलिंगी. पोतं तिथे नुसतं माप. दुसऱ्यात जे झालं ते पोत्याचं, म्हणून ‘फाटलं’. आपलं लहान पोरही यात चुकत नाही. चेकिंग टेबलावर ‘बंडलभर टॉवेल भिजले’ आणि ‘टॉवेलचं बंडल सुटलं’ ही दोन्ही वाक्यं रोज ऐकू येतात. मास्तर ‘लॉट बाद झालाय’ म्हणाले, ‘टॉवेल बाद झालेत’ म्हणाले नाहीत. कर्ता कोण हे त्यांच्या क्रियापदातच होतं. इंग्रजीत जाताना तो कर्ता हरवला.

तांत्रिकदृष्ट्या ‘अ लॉट’ म्हणजे मालाचा एक गट असाही अर्थ होतो आणि त्या अर्थाने ‘इज’ बरोबर आहे. पण रोज इंग्रजी वाचणाऱ्याला ‘अ लॉट ऑफ’ हे शब्द एकत्र, ‘पुष्कळ’ म्हणूनच दिसतात. पुढे ‘इज’ आलं तर तो लिहिणाऱ्याचं व्याकरण कच्चं समजेल आणि अर्थ ‘पुष्कळ’ हाच घेईल. पुढचे निर्णय या मुद्द्यावरच घ्यावे लागले.

समोरचे पर्याय

शनिवारी कारखाना चालू होता, पण ब्रिटनमध्ये सुट्टी होती. फोन करायचा तर सोमवारी दुपारी दीडनंतर, कारण उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. म्हणजे विचाराला दोन दिवस होते, आणि तेवढ्याच वेळात गैरसमज पार्टीकडे घट्ट होण्याचीही भीती होती.

अण्णांचे मेहुणे शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं मत पक्कं होतं: “लॉट एकवचनी आहे. ‘इज’ लिहून दुरुस्तीचा मेल पाठवा, विषय संपला.” त्यांचा नियम खोटा नव्हता, पण वर सांगितलेल्या कारणाने तेवढ्या दुरुस्तीने काहीच साधलं नसतं. पार्टीला पहिल्याच वाक्याची जास्त अशुद्ध प्रत मिळाली असती. मेहुणे आणि ताई यांच्यात ‘इज’ आणि ‘आर’वर बराच वेळ वाद झाला. दोघंही आपापल्या नियमाने बरोबर होते, त्यामुळे वाद मिटेना. मला मध्ये पडून विचारावं लागलं, “पार्टीला हे वाक्य वाचून काय कळायला हवं?” उत्तर सरळ होतं: सहापैकी एक लॉट. मग वाक्यात ‘सहा’ आणि ‘एक’ हे शब्दच हवेत. क्रियापदावर तो भार टाकून भागणार नाही.

दुसरा पर्याय मास्तरांनी हळू आवाजात मांडला. पुढच्या वेळी असं काही कळवायचंच नाही, लॉट गुपचूप बदलून टाकायचा. अण्णांनी तो लगेच फेटाळला. “लॉट बदलायला आठवडा लागतो. तो आठवडा कशात गेला ते काय सांगणार?” माझं मतही तेच आहे. कळवण्यात काही चुकलं नव्हतं, फक्त कळवण्याचं वाक्य चुकीचं गेलं होतं.

तिसरा पर्याय, सोमवारपर्यंत थांबून फक्त फोनवर बोलायचं. मोह होण्यासारखा होता, कारण लिहिण्यावरचा विश्वासच उडाला होता. पण फोनवरचं बोलणं पार्टीच्या फाइलमध्ये राहत नाही आणि शुक्रवारचा मेल राहतो. शिवाय आपल्या उच्चारात ‘अ लॉट’ आणि ‘द लॉट’ ऐकणाऱ्याला सारखेच वाटू शकतात, आणि ब्रिटिश बोलीत ‘द लॉट’ म्हणजे सगळंच्या सगळं!

उरला तो पर्याय ठरला. शनिवारीच नवा मेल, त्यात लॉटवार तक्ता, सोबत लाइट बॉक्समधले फोटो, आणि सोमवारी तोच मेल समोर ठेवून फोन.

काय केलं

नवं वाक्य ताईने स्वतः लिहिलं, मी शेजारी बसले होते. तिचा पहिला मसुदा माफीने सुरू होत होता, आपलं इंग्रजी चांगलं नाही वगैरे. तो भाग काढायला लावला. पार्टीला कारखान्याच्या इंग्रजीची चिंता नव्हती, मालाची होती. शेवटी मेल असा गेला:

‘ऑफ द सिक्स डाय लॉट्स इन धिस ऑर्डर, ओन्ली वन इज ऑफ-शेड: लॉट 4, 600 पीसेस. द अदर फाइव्ह लॉट्स मॅच द अप्रूव्ह्ड सॅम्पल. इन अवर फ्रायडे मेल, ‘अ लॉट ऑफ टॉवेल्स’ मेंट ‘वन डाय लॉट’.’

यात कर्ता ‘वन’, त्याला ‘इज’. पुढे ‘लॉट्स’, त्याला ‘मॅच’. ‘ऑफ द सिक्स डाय लॉट्स’ हा तुकडा वाक्याच्या सुरुवातीला नेला, त्यामुळे ‘वन’ आणि ‘इज’ शेजारी आले आणि मध्ये अनेकवचनी नाम येऊन कुणाची गफलत होण्याची जागाच राहिली नाही. खाली सहा ओळींचा तक्ता होता: लॉट नंबर, नग, दोन दिव्यांखालचा निकाल.

मेल पाठवण्याआधी ताईला आणखी एक शंका होती. पार्टीने ‘टीम हॅव’ लिहिलं होतं. ते त्यांचं चुकलं का? नाही. ब्रिटिश इंग्रजीत टीम, कमिटी, स्टाफ, सरकार अशा शब्दांपुढे माणसं डोळ्यासमोर असतील तर अनेकवचनी क्रियापद चालतं. अमेरिकी इंग्रजीत सहसा एकवचनीच. क्रिकेटच्या कॉमेंट्रीत ‘इंडिया आर 150 फॉर 4’ आपण लहानपणापासून ऐकतो, ते याच सवयीतून. आपण कोणतं वापरायचं? मी तिला सांगितलं की स्वतःच्या पत्रात एकवचनी धर आणि एका पत्रात दोन्ही मिसळू नकोस. पार्टीचं वाक्य उत्तरात उद्धृत करायचं असेल तर ते मात्र दुरुस्त करू नकोस.

निष्पत्ती

सोमवारच्या फोनवर पार्टीची बाई मोकळेपणाने बोलली. तक्ता पाहिल्यावर गोष्ट लगेच समजली, असं ती म्हणाली. तरी तपासणी रद्द झाली नाही. इन्स्पेक्टर आधीच ठरला होता आणि त्यांच्या आतल्या फाइलमध्ये शुक्रवारचं वाक्य चढलेलं होतं. फी कारखान्यालाच भरावी लागली.

तपासणी उरलेल्या पाच लॉटच्या 3,000 नगांची झाली. नेहमीच्या एक्यूएल पद्धतीने, म्हणजे थोडे नग तपासून सगळा माल पास की नापास ते ठरवायच्या पद्धतीने, एवढ्या मालातून 125 नग काढतात. 2.5 ही पातळी धरली तर मोठ्या दोषाचे सात नगांपर्यंत माल पास, आठवा निघाला की नापास. माल पास झाला. चौथा लॉट गडद कोळशी रंगात पुन्हा रंगवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. त्याच्या जागी नवा लॉट रंगवून, तपासून न्हावा-शेवाला पोचेपर्यंत ठरलेली बोट गेली होती. माल पुढच्या बोटीवर चढला. नवा लॉट तसाही लागणारच होता, त्यामुळे बोट चुकण्याचं सगळं खापर वाक्यावर फोडता येणार नाही. तपासणीची फी आणि तोवर थांबलेलं पॅकिंग, हे मात्र निखळ त्या वाक्याचं बिल.

पार्टीची पुढची ऑर्डर आली. त्यात एक नवी अट होती: शेडबद्दलचं कोणतंही पत्र लॉटवार तक्त्यासह पाठवावं. ही अट मला शिक्षा वाटत नाही. दोघांच्याही सोयीची आहे.

ऑफिसात नंतर काय बसवलं

नियमांची यादी भिंतीवर लावायची अशी अण्णांची सूचना होती. मी नको म्हटलं. नियम ताईला आधीही माहीत होता आणि तो पाळूनच गोंधळ झाला होता. त्याऐवजी कारखान्याच्या रोजच्या वाक्यांच्या जोड्या काढल्या आणि प्रत्येक जोडीला विचारलं, इथे मोजतोय काय?

‘हाफ ऑफ द यार्न इज डाइड’, पण ‘हाफ ऑफ द टॉवेल्स आर डाइड’. सूत मोजता येत नाही, टॉवेल येतात. टक्क्यांचंही तेच आणि ‘द रेस्ट ऑफ’चंही. ‘200 किलोज ऑफ यार्न वॉज रिसीव्ह्ड’ यात आकडा मोठा असला तरी तो एक साठा आहे, म्हणून एकवचन. ‘अ सेट ऑफ थ्री टॉवेल्स इज’, कारण किंमत सेटची आहे, सुट्या टॉवेलची नाही. ‘गुड्स’ कायम अनेकवचनी, ‘स्टॉक’ एकवचनी, आणि दोन्ही एकाच मालाबद्दल! ‘मोअर दॅन वन कार्टन वॉज डॅमेज्ड’ हे वाक्य मास्तरांना अजिबात पटलं नाही. एकापेक्षा जास्त म्हटल्यावर ‘वॉज’ कसं? तिथे अर्थापेक्षा शेजारचा ‘वन कार्टन’ वरचढ ठरतो आणि इंग्रजीची रीत तशीच आहे, एवढंच सांगता येतं. ‘नन ऑफ द लॉट्स इज’ आणि ‘आर’ दोन्ही चालतात, त्यावर वेळ घालवायचा नाही.

ताईला सगळ्यात उपयोगी पडली ती वेगळीच वाट. कर्ता ‘वुई’ करून टाकायचा. ‘वुई हॅव सेट असाइड वन डाय लॉट, लॉट 4’ असं लिहिलं की समूहवाचक शब्द कर्म होतो आणि क्रियापद त्याच्याकडे बघतच नाही. पत्रात काही विशेष अडत असेल तेव्हा ती हल्ली हेच करते.

वेगळं काय करता आलं असतं

मास्तरांनी तोंडी निरोप देताना लॉट नंबर सांगितला नाही, आणि ताईने तो विचारला नाही. ‘चार नंबरचा लॉट’ एवढं म्हटलं असतं तर इंग्रजीतही ‘लॉट 4’ आलं असतं आणि पुढे ‘इज’च लागलं असतं. या सगळ्या प्रकरणात सर्वात स्वस्त दुरुस्ती तीच होती. आता चेकिंगहून ऑफिसात चिठ्ठी येते. नंबर आणि नग लिहिल्याशिवाय ताई ती घेत नाही.

कंप्युटरच्या रेघेबद्दल माझं मत सौम्य नाही. यंत्राने रूप तपासलं आणि अर्थ उलटा केला. ‘इज’ हे तिच्या मनातल्या अर्थाचं एकमेव चिन्ह वाक्यात उरलं होतं, ते पुसलं गेलं. रेघ आली की सुचवलेला शब्द लगेच न घेता, यंत्राला आपलं वाक्य वेगळं का दिसलं हे पाहायला हवं होतं. बहुतेक वेळा त्याचं उत्तर असतं की शब्दांची निवडच बदलायला हवी.

शुक्रवारी संध्याकाळी मेल पाठवणं चूक होतं असं मेहुणे म्हणतात. मला तसं वाटत नाही. दोष कळला त्याच दिवशी कळवणं योग्यच होतं. पण सुट्टीच्या तोंडावर जाणारं पत्र दुसऱ्या कुणी तरी वाचून बघायला हवं होतं, कारण खुलाशाला दोन दिवस वाट बघावी लागते. वाचणाऱ्याला इंग्रजी फार यायलाच हवं असं नाही. अण्णांनी ‘किती टॉवेल?’ एवढंच विचारलं असतं तरी वाक्यात आकडा नाही हे उघडं पडलं असतं.

एक गुंता अजून सुटलेला नाही. तपासणीच्या अहवालात शेवटी लिहिलं होतं, ‘द लॉट इज अ‍ॅक्सेप्टेड.’ तपासणीच्या भाषेत लॉट म्हणजे तपासायला मांडलेला सगळा माल, इथे 3,000 नग. मास्तर ते वाचून धावत आले, कारण त्यांना वाटलं एकच लॉट पास झाला आणि चार लटकले. आता रजिस्टरमध्ये ‘डाय लॉट’ आणि ‘तपासणी लॉट’ असे वेगळे रकाने आखले आहेत. शिवण विभागात मात्र दिवसभरात शिवून झालेल्या ढिगालाही लॉटच म्हणतात. त्याला ‘गठ्ठा’ म्हणावं असं अण्णांनी सांगितलं आहे, पण शिवणाऱ्या बायकांच्या तोंडी ते अजून बसलेलं नाही. तोवर शिवण विभागातून आलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर ताई ‘कोणता लॉट?’ असं लिहून ती परत पाठवते.